अपग्रेडनंतर तापणारा संगणक : आधी मोजावे, मग उघडावे

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती बसवल्यानंतर संगणक तापू लागला आणि काहीही काम चालू नसताना पंखा घोंघावत राहिला, की बहुतेकांच्या मनात दोनच उपाय येतात: स्क्रू काढून आतली धूळ साफ करणे, किंवा सगळे पुसून जुनी आवृत्ती परत बसवणे. दोन्ही उपाय कधीकधी खरोखर लागतात. परंतु ते शेवटी करायचे उपाय आहेत, कारण दोन्हींमध्ये बिघाडाचे कारण न कळताच यंत्राची अवस्था बदलून जाते. नंतर तापणे थांबले तरी ते कशामुळे थांबले हे सांगता येत नाही, आणि न थांबले तर आपण पहिल्यापेक्षा अधिक अंधारात असतो. माझ्या लॅपटॉपवर अशी वेळ आली तेव्हा केलेला शोध आणि त्या निमित्ताने वाचलेले, पडताळलेले बरेच काही इथे लिहून ठेवत आहे. माझ्या यंत्रावर लिनक्स असल्यामुळे उदाहरणे प्रामुख्याने त्याचीच आहेत. परंतु विंडोज किंवा मॅकओएस वापरणाऱ्यांनाही शोधाची दिशा तीच धरता येईल.

संगणक जी वीज घेतो तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. पडद्याचा प्रकाश आणि स्पीकरचा आवाज यांत जाणारा किरकोळ वाटा सोडला, तर आकडेमोड करून झाल्यावर ती ऊर्जा आत कुठे साठून राहत नाही. म्हणून आतले तापमान दोन गोष्टींवर ठरते: किती वॅट आत खर्च होत आहेत आणि तयार झालेली उष्णता किती वेगाने बाहेर काढली जात आहे. शाळेच्या गणितात एक नळ हौद भरतो आणि दुसरा रिकामा करतो, तसाच हा हिशेब आहे. हौदातली पातळी वाढलेली दिसली, एवढ्यावरून भरणारा नळ मोठा झाला की रिकामा करणारा तुंबला, हे कळत नाही. तापमानाचा आकडा म्हणजे फक्त ही पातळी होय, आणि तरीही बहुतेक लोक केवळ तापमान पाहून निष्कर्ष काढतात.

अपग्रेडमुळे सहसा पहिला नळ बदलतो. नवे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), नवे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे कार्यक्रम), पार्श्वभूमीवर चालणाऱ्या नव्या सेवा, ऊर्जेच्या व्यवस्थापनाची नवी धोरणे या सगळ्यांचा संबंध वीज खर्च होण्याशी आहे. धूळ मात्र अपग्रेडच्या दिवशी अचानक येत नाही. अर्थात एक शक्यता लक्षात ठेवावी लागते: हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये आधीच बरीच धूळ साचलेली असते, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असते, आणि हलक्या कामापुरते ते सगळे चालून जात असते, अपग्रेडने खर्च थोडासा वाढवला की ती जुनी दुर्बलता एकदम उघडी पडते. अशा वेळी दोन्ही कारणे खरी असतात आणि एकच दूर करून अर्धाच गुण येतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे एकाच वेळी तीन आकडे पाहणे: तापमान, खर्च होणारे वॅट आणि पंख्याचा वेग. लॅपटॉप असेल तर वॅट मोजण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे चार्जर काढून ठेवणे. बॅटरी किती वेगाने रिकामी होत आहे हे यंत्र स्वतःच सांगते, आणि तो आकडा प्रोसेसरचाच नव्हे तर पडदा, वायफाय, डिस्क यांच्यासह सगळ्या यंत्राचा असतो. पडदा मध्यम उजेडावर ठेवून रिकामा बसलेला सर्वसाधारण लॅपटॉप ५ ते १० वॅटच्या आसपास घेतो. प्रोसेसरपुरता हिशेब हवा असेल तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून ऊर्जामापनाची आतच सोय आहे, आणि लिनक्सवर टर्बोस्टॅट हे साधन ती वाचून दाखवते. हा आकडा पूर्वी कोणालाही वाचता येत असे. परंतु त्याच्या चढउतारांवरून प्रोसेसरमधील गुप्त माहितीचा माग काढता येतो असे संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिल्यावर लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्याची ती परवानगी काढून घेण्यात आली. त्यामुळे अपग्रेडनंतर एखाद्या जुन्या उपयोजनात वॅटच्या जागी शून्य दिसू लागले, तर तो मोजमापाचा बिघाड समजू नये. ते साधन व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवून पाहावे. मॅकओएसवर पॉवरमेट्रिक्स ही आज्ञा हेच काम करते. विंडोजवर पॉवरसीएफजी या आज्ञेचा ऊर्जा-अहवाल वॅट दाखवत नसला, तरी झोपेत अडथळा आणणारे ड्रायव्हर आणि सेवा यांची नावे देतो, आणि पुष्कळदा तेवढेच पुरते.

मोजण्यापूर्वी सगळी उपयोजने बंद करावीत, ब्राउझरही बंद करावा, आणि बूट झाल्यावर दहाएक मिनिटे यंत्राला हात लावू नये. मग जे दिसेल ते असे वाचावे. वॅट जास्त, तापमान जास्त आणि पंख्यातून गरम हवा बाहेर येत आहे, अशी स्थिती असेल तर उष्णता बाहेर काढणारी व्यवस्था धडधाकट आहे आणि आत कोणीतरी वीज खात आहे. वॅट नेहमीइतकेच, तरी तापमान चढलेले आणि पंखा जोरात फिरत असूनही बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट, अशी स्थिती असेल तर चिपमधली उष्णता हवेपर्यंत पोहोचतच नाही. तिथे धूळ किंवा पेस्ट यांचा संशय रास्त ठरतो. वॅट नेहमीचे, तापमान चढलेले आणि पंखा थांबलेला किंवा अगदी मंद, ही तिसरी स्थिती पंख्याच्या नियंत्रणाकडे बोट दाखवते. झाकण उघडायचे की नाही, याचा निर्णय या वाचनानंतर घ्यावा.

नव्या आवृत्तीने पहिला दिवस, क्वचित दोन दिवस, यंत्र तापवले तर त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. विंडोजमध्ये शोधसूची नव्याने तयार होते, डॉटनेटचे घटक आधीच संकलित करून ठेवले जातात, डिफेंडर फायली तपासतो. मॅकओएसमध्ये स्पॉटलाइट सगळी डिस्क पुन्हा वाचतो आणि छायाचित्रांच्या संग्रहातील चेहरे ओळखण्याचे काम मागे चालू राहते. ही कामे एकदाच होणारी आहेत. मात्र यंत्र झोपवून ठेवले की ती थांबतात आणि उठवल्यावर पुन्हा सुरू होतात, म्हणून दिवसातून थोडाच वेळ संगणक वापरणाऱ्याला तो आठवडाभर तापल्यासारखा वाटतो. रात्री चार्जरला लावून, झोप बंद करून, तो जागाच ठेवला की सकाळपर्यंत बहुधा निवाडा होतो. मॅकच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नल टास्क नावाची प्रक्रिया प्रोसेसरचा मोठा वाटा घेताना दिसली तर तिला दोष देण्याची घाई करू नये, कारण तापलेल्या प्रोसेसरवर इतर प्रक्रियांना कमी वेळ मिळावा यासाठी ती जागा अडवून धरते, असे अ‍ॅपलनेच नोंदवलेले आहे. तिथे ती तापण्याचा परिणाम असते. वाट पाहताना विंडोज वापरणाऱ्याने आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे: जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय सहसा १० दिवसच राहते, त्यानंतर जुन्या फायली काढून टाकल्या जातात. धीर धरावा, पण त्या मुदतीच्या आत.

माझ्या लॅपटॉपवर हा धीर धरून झाला होता आणि काही उपयोग झाला नव्हता. पूर्वी रिकाम्या स्थितीत ६ वॅटच्या आसपास राहणारा आकडा १५ च्या खाली येत नव्हता, तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर होते आणि पंख्यातून निघणारी हवा चांगलीच गरम होती. म्हणजे पहिली स्थिती स्पष्ट होती. प्रक्रियांच्या यादीत मात्र वापरकर्त्याची म्हणावी अशी कोणतीच प्रक्रिया वर दिसत नव्हती. वर होता तो कर्नलचा एक कामगार धागा, म्हणजे ज्याला लिनक्सवाले केवर्कर म्हणतात तो, आणि तो प्रोसेसरचा एक अख्खा कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग, जवळजवळ पूर्णवेळ अडवून बसला होता. आठ कोर असलेल्या यंत्रात एक कोर म्हणजे एकूण वापराच्या आलेखावर बारा-साडेबारा टक्के. तो आलेख पाहणाऱ्याला यंत्र जवळजवळ रिकामे आहे असे वाटेल, परंतु उष्णतेच्या दृष्टीने ही स्थिती फार महाग पडते.

तिचे कारण थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. प्रोसेसरमधील स्विच होणाऱ्या मंडलांचा वीजखर्च वारंवारितेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकाच कोरवर काम असेल तर आजचे प्रोसेसर त्या कोरला टर्बो देतात, म्हणजे त्याची वारंवारिता सर्वाधिक मर्यादेपर्यंत नेतात, आणि त्या मर्यादेला लागणारे व्होल्टेजही सर्वाधिक असते. दुसरीकडे, पूर्ण प्रोसेसर खोल झोपेत जायचा असेल तर त्याचे सगळे कोर झोपलेले असावे लागतात; एक जागा असला तर सामाईक मेमरी-नियंत्रक, कॅशे, जोडणीची मंडले या सर्वांना जागे राहावे लागते. म्हणून रिकाम्या यंत्रावरचे थोडेसे अखंड काम हे त्याच्या टक्केवारीच्या मानाने कितीतरी अधिक उष्णता निर्माण करते. इंटेलने २००७ मध्ये पॉवरटॉप हे साधन आणले ते नेमके याच विचारातून: कोणती प्रक्रिया किती टक्के घेते यापेक्षा कोण प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा जागे करते, हे त्यात वर दाखवलेले असते. तापणाऱ्या लॅपटॉपवर सर्वांत आधी हेच साधन चालवावे, असे माझे मत आहे.

केवर्कर स्वतःहून काही करत नाही. त्याला कोणीतरी काम देते. ते काम कोणाचे, हे धाग्याच्या नावाच्या शेपटीवरून पुष्कळदा कळते, आणि इथे त्या शेपटीत एसीपीआयचा, म्हणजे ऊर्जेच्या व्यवस्थापनासाठी ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्र यांना जोडणाऱ्या मानकाचा, उल्लेख होता. मग इंटरप्टची नोंद पाहिली. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेला संकेत. लिनक्स प्रत्येक इंटरप्टची संख्या प्रोक या निर्देशिकेतील एका फाइलीत मोजून ठेवतो. सामान्य यंत्रात नवव्या क्रमांकाचा, एसीपीआयचा आकडा दिवसाकाठी काही शेकड्यांनी वाढला तरी पुष्कळ झाले. इथे तो फाइल दोनदा वाचण्याच्या अवधीत हजारोंनी पुढे जात होता. त्याच्या आत आणखी एक पायरी आहे: एसीपीआयच्या कोणत्या घटनेमुळे हे इंटरप्ट येतात याचे वेगवेगळे गणक सिस नावाच्या निर्देशिकेत फर्मवेअरच्या (निर्मात्याने यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) विभागात ठेवलेले असतात. त्यांतील एकाच घटनेचा गणक धावत होता, बाकी सारे स्वस्थ होते.

एसीपीआय हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केले. त्यापूर्वी ऊर्जेचे व्यवस्थापन बव्हंशी बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या, हाती असे. या मानकाने ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती दिले, परंतु एका विलक्षण तडजोडीसह. यंत्राचे झाकण, बॅटरी, पंखा, तापमानाचे संवेदक कसे हाताळायचे याचे छोटे कार्यक्रम निर्माता फर्मवेअरमध्ये लिहून ठेवतो आणि ते चालवते मात्र ऑपरेटिंग सिस्टीम. एखादी घटना घडली की तिच्यासाठी नेमलेला कार्यक्रम चालावा, त्याने घटनेच्या कारणाचे निवारण करावे आणि संकेत शांत व्हावा, अशी अपेक्षा असते. कार्यक्रमाने कारण दूर केलेच नाही तर संकेत तसाच उभा राहतो, इंटरप्ट लगेच पुन्हा येतो, कार्यक्रम पुन्हा चालतो, आणि हे चक्र वीज आहे तोवर चालू राहते. निर्मात्याने आपले फर्मवेअर त्या काळच्या एखाद्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर तपासलेले असेल, तर इतरत्र किंवा पुढच्या आवृत्तीत असा दोष उघडा पडण्यात नवल नाही. नव्या आवृत्तीने बिघडवले असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा इतकेच घडलेले असते की जुनी आवृत्ती त्या दोषाच्या वाटेला गेलेली नसते.

खात्री करण्यासाठी एक कसोटी उरली होती आणि या सगळ्या प्रकरणात मी तिलाच सर्वाधिक महत्त्व देतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार संचांत) अपग्रेडनंतरही एक-दोन जुनी कर्नल बूटच्या यादीत राहतात. बाकी सारे नवेच ठेवून फक्त जुन्या कर्नलने यंत्र सुरू केले तर एकच गोष्ट बदललेली असते, आणि म्हणून मिळणारे उत्तर निःसंदिग्ध असते. जुन्या कर्नलवर तो गणक स्थिर होता आणि वॅटचा आकडा परत ६ वर आला. त्यामुळे डेस्कटॉप, ब्राउझर, पार्श्वभूमीतल्या सेवा, धूळ आणि पेस्ट हे सारे संशयित एकाच फटक्यात सुटले.

कर्नलच्या आवृत्तीमुळे वीजखर्च बदलतो, हे सांगितले की काहींना ते अतिशयोक्त वाटते. परंतु त्याला नोंदलेले दाखले आहेत. २०११ च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स २.६.३८ पासून अनेक लॅपटॉप अधिक वीज खाऊ लागले. फर्मवेअर जिथे पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे प्रोसेसर आणि आतली उपकरणे यांच्यातल्या, जोडण्यांची ऊर्जाबचत आपल्याला जमत नाही असे सांगत असे, तिथे कर्नल ती बचत अक्षरशः बंद करत होते; प्रत्यक्षात पुष्कळ यंत्रांवर फर्मवेअरने ती आधीच चालू ठेवलेली असे आणि तिला हात न लावणे एवढेच पुरेसे होते. मॅथ्यू गॅरेट यांनी लिहिलेली दुरुस्ती २०१२ च्या मार्चमधील ३.३ आवृत्तीत सामील झाली, म्हणजे मध्ये वर्षभर लोक अकारण तापलेले लॅपटॉप वापरत होते. दुसरा दाखला अपग्रेडचा नाही, पण निव्वळ सॉफ्टवेअरमुळे किती वीज जळू शकते हे त्याच्याइतके दुसरे कशातून दिसत नाही. ३० जून २०१२ रोजी जागतिक वेळेत एक लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवण्यासाठीचा जास्तीचा सेकंद) घालण्यात आला, आणि लिनक्सच्या वेळ मोजणाऱ्या भागातील दोषामुळे असंख्य सर्व्हरवरचे कार्यक्रम झोपायला जाताच पुन्हा पुन्हा जागे होऊ लागले. जर्मनीतील हेट्झनर या होस्टिंग कंपनीने आपला वीजवापर त्या रात्री सुमारे एक मेगावॅटने वाढल्याचे ग्राहकांना कळवले होते. उपाय काय, तर घड्याळ आहे त्याच वेळेला पुन्हा लावणे.

सर्वांचेच दुखणे एसीपीआयचे असणार नाही. माझ्या अंदाजाने अपग्रेडनंतर तापणाऱ्या यंत्रांमध्ये ग्राफिक्सची कारणे अधिक असावीत, आणि ती ओळखायलाही तुलनेने सोपी आहेत. नव्या आवृत्तीशी ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर जुळला नाही तर यंत्र बंद पडत नाही. ते गुपचूप दुय्यम मार्ग धरते आणि पडद्यावरचे प्रत्येक चित्र मुख्य प्रोसेसरकडून काढून घेऊ लागते. लिनक्सवर प्रणालीच्या माहितीत ग्राफिक्सच्या जागी एलएलव्हीएमपाइप असे नाव दिसले, किंवा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर असे दिसले, की हाच प्रकार आहे असे समजावे. खिडकी सरकवली तरी पंखा वेग घेतो, ही त्याची ओळख. योग्य ड्रायव्हर बसला की हा त्रास तत्काळ संपतो.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपचा प्रकार वेगळा आहे. त्यांत काम नसताना मोठी चिप पूर्ण बंद व्हायला हवी. अपग्रेडने ड्रायव्हर किंवा त्याची एखादी सेटिंग बदलली की ती जागी राहते, काहीही न करता काही वॅट घेत राहते, आणि ती वेगळी असल्यामुळे प्रोसेसरच्या वापराच्या आलेखात तिचा मागमूस नसतो. बॅटरीवरून मोजलेले एकूण वॅट आणि प्रोसेसरने सांगितलेले वॅट यांच्यात मोठी तफावत असेल, तर संशयाची सुई इकडे वळवावी. एकूण यंत्राचा आकडा मोजण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

फक्त व्हिडिओ पाहताना यंत्र तापत असेल तर आणखी एक जागा तपासावी. व्हिडिओ उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये खास मंडल असते आणि ते अगदी थोड्या विजेत काम करते. त्याचा रस्ता बंद झाला की तेच काम प्रोसेसर करतो आणि घाम गाळतो. २०२२ मध्ये फेडोराने पेटंटच्या कारणास्तव एच २६४ आणि एच २६५ या व्हिडिओच्या प्रकारांसाठीचा हा आधार आपल्या ग्राफिक्स संचातून काढला, तेव्हा अपग्रेड केलेल्या अनेकांना हा अनुभव आला. ब्राउझरच्या आतील ग्राफिक्सविषयक माहितीच्या पानावर व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडला जात आहे की सॉफ्टवेअरवर, हे लिहिलेले असते.

ऊर्जेच्या धोरणांचा गोंधळही अपग्रेडनंतर नेहमी होतो. जुन्या आवृत्तीत हाताने बसवलेले टीएलपीसारखे वीजबचतीचे साधन आणि नव्या आवृत्तीने आपणहून आणलेली पॉवर-प्रोफाइल सेवा, अशा दोन व्यवस्था एकाच प्रोसेसरला उलटसुलट आज्ञा देत राहतात. त्यांपैकी एकीला रजा द्यावी, कोणतीही चालेल. इंटेलच्या प्रोसेसरवर गव्हर्नरच्या, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या धोरणाच्या, नावावरूनही गैरसमज होतो. पॉवरसेव्ह असे नाव दिसले की यंत्र मुद्दाम मंद चालवले जात आहे असे समजून लोक ते परफॉर्मन्सवर नेतात. परंतु २०१३ मध्ये लिनक्स ३.९ पासून आलेल्या इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह हा गव्हर्नर गरजेप्रमाणे वेग वाढवतो आणि कमी करतो. तो बदलला तर हाती फक्त जास्तीची उष्णता लागते.

टर्बो बंद करण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सुचवलेला आढळतो. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो सहसा बंद होतो, लिनक्समध्येही त्यासाठी एक कळ आहे, आणि व्होल्टेजचा वर्गाचा हिशेब लक्षात घेतला तर तापमान एकदम दहा-पंधरा अंशांनी का उतरते हेही कळते. उन्हाळ्यापुरता किंवा एखाद्या लांबलचक कामापुरता तो चांगला आहे. मात्र रिकामे यंत्र तापत असेल तर टर्बो बंद केल्याने कारण झाकले जाते आणि मोजमापही बिघडते, म्हणून शोध चालू असताना त्याला हात लावू नये.

झोपेतही तापणाऱ्या लॅपटॉपची गोष्ट जास्त गंभीर आहे. पूर्वीच्या यंत्रांत एस३ ही झोप असे. तिच्यात मेमरी सोडून जवळजवळ सगळ्याचा पुरवठा बंद होई. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आली आहे, जिच्यात प्रोसेसर तत्त्वतः जागाच असतो आणि सर्व उपकरणे शांत राहिली तरच तो खोल विश्रांतीत जाऊ शकतो. अपग्रेडनंतर एकच ड्रायव्हर अस्वस्थ राहिला तरी झाकण मिटलेला लॅपटॉप बॅगेत, जिथे हवा खेळत नाही, तासन्‌तास तापत राहतो. विंडोजमध्ये स्लीप स्टडी हा अहवाल कोणत्या उपकरणाने विश्रांती मोडली ते सांगतो. दोष सापडेपर्यंत यंत्र बॅगेत ठेवताना हायबरनेट करावे किंवा पूर्ण बंद करावे.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. बहुतेक लॅपटॉपमध्ये पंखा हा स्वतंत्र नियंत्रक चालवतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. काही यंत्रांत मात्र निर्मात्याचा ड्रायव्हर लागतो आणि अपग्रेडमध्ये तो गळू शकतो. दाबलेल्या हवेने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने अडवून धरावीत, नाहीतर ती मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होते. यंत्राचा तळ फुगलेला दिसला किंवा टचपॅड वर उचललेला वाटला तर उष्णतेचा शोध तिथेच थांबवावा, चार्जर काढावा आणि बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी. याउलट, जड काम चालू असताना पातळ लॅपटॉपमध्ये ९० अंश दिसले म्हणून घाबरू नये. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तिथे पोहोचताच ते स्वतःच वेग कमी करतात आणि त्याउपर यंत्र बंद होते. चिंता करायची ती रिकाम्या स्थितीतल्या ७० अंशांची.

माझ्या यंत्रावर तात्पुरता उपाय म्हणून ती एक घटना नव्या कर्नलवर बंद करून ठेवली. सिस निर्देशिकेतील त्या गणकाच्या फाइलीत निष्क्रिय करण्याचा शब्द लिहिला की परिणाम त्याच क्षणी दिसतो, परंतु तो पुढच्या बूटपर्यंतच टिकतो. कायमसाठी कर्नलला बूटच्या वेळी घटनेचा क्रमांक देऊन ती झाकण्याचा पर्याय आहे. हे करण्यापूर्वी ती घटना यंत्राच्या कोणत्या भागासाठी आहे, याचा अंदाज घ्यावा, कारण तिच्यावर झाकण मिटल्याची जाणीव, चार्जर लावल्याची सूचना किंवा उजेडाच्या कळा अवलंबून असू शकतात. माझ्याकडे चार्जर लावल्यावर बॅटरीचे चिन्ह बदलायला उशीर होऊ लागला, बाकी काही अडले नाही. वितरणाच्या दोषनोंदीत जुन्या आणि नव्या कर्नलचे क्रमांक, दोन्हींवरचे वॅट, धावणाऱ्या गणकाचे नाव आणि फर्मवेअरची आवृत्ती एवढे लिहून पाठवले. नुसते संगणक तापतो असे लिहिलेल्या तक्रारीचे कोणी काही करू शकत नाही. काही काळाने निर्मात्याचे नवे फर्मवेअर आले. ते बसवताना झाकलेली घटना पुन्हा उघडली, गणक पाहिला, तो स्थिर होता, आणि मग बूटच्या ओळीतला तो जास्तीचा पर्याय काढून टाकला.